शाळेच्या ताटात कळण्याला जागा द्या : खान्देशातील शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि विशेषतः पालक-माता सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. त्यातला बहुतेक काळ तापी आणि बोरी या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात गेला आणि काही वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. आता मी निवृत्त आहे आणि हे पत्र कोणत्याही विभागाच्या वतीने लिहीत नाही, स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत आहे. वरिष्ठ कार्यालयांना न लिहिता तुम्हाला लिहिण्याचे कारण असे की, शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. घरी ज्या दळण निवडतात, चूल सांभाळतात, पोराच्या ताटात काय उरले हे रोज डोळ्यांनी बघतात, त्याच बायांना कायद्याने शाळेच्या ताटाविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार बहुतेक ठिकाणी सभेच्या वहीवर सही करण्यापुरता उरला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे मागणे सुरुवातीलाच सांगते. आठवड्यातून निदान दोन दिवस शाळेच्या जेवणात ज्वारी, बाजरी किंवा नागली (नाचणी) यांसारख्या अख्ख्या धान्याचा, सालासकट कडधान्याचा आणि गावातच उगवणाऱ्या पालेभाजीचा पदार्थ असावा, आणि पूरक आहाराच्या दिवशी मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा पडू नये. आमच्या कळण्यात, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या पिठात, यातले धान्य आणि कडधान्य दोन्ही येतात. एवढ्यासाठी इतके लांब पत्र कशाला, असे वाटेल. पण हे मागणे जुन्या दिवसांच्या आठवणीतून आलेले नाही आणि ते तसे समजले जाऊ नये, म्हणून कारणे सविस्तर मांडते.

नोकरीच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत माझ्या पिशवीत रक्तातले हिमोग्लोबिन मोजण्याचे साहलीचे उपकरण असे. लाकडी चौकटीत दोन तपकिरी काचा आणि मध्ये एक बारीक नळी. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब खुणेपर्यंत घ्यायचे, बोटाला सुई टोचून आलेले रक्त बारीक पिपेटने त्यात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि मग थेंब थेंब पाणी घालत नळीतला रंग बाजूच्या काचेशी जुळेपर्यंत उजेडाकडे धरून बघत राहायचे. ज्या बाईचे रक्त चांगले तिच्या नळीत पुष्कळ पाणी घालावे लागते. आमच्याकडे चार-सहा थेंबांतच रंग जुळायचा आणि नळीवरचा आकडा ८ किंवा ९ च्या पुढे सरकायचा नाही. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली गेले की तो तीव्र समजतात. मी आकडा सांगितला की बायका माझ्याकडे नवलाने बघत आणि म्हणत, "पोट ते रोज भरस, बाई." त्या खोटे बोलत नव्हत्या. पोट भरत होतेच, आणि तरीही रक्त भरत नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. त्याच काळात मधुमेहाचे चित्रही आपल्यासमोर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एकाच घरात सुनेचे रक्त कमी आणि सासऱ्याची साखर जास्त, असे मी शेकडो घरांत पाहिले. पूर्वी मी ही दोन वेगळी दुखणी समजत असे. पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आले की दोन्ही दुखणी एकाच ताटाशी येऊन मिळतात. त्या ताटात पांढरा भात, मैद्याचा पाव, साखरेचा चहा आणि पामतेलात तळलेले काहीतरी भरपूर असते. आणि कोंड्यासकट धान्य, सालासकट डाळ आणि पालेभाजी फार थोडी असते.

धान्याचा दाणा तीन भागांचा असतो. बाहेर कोंडा, एका टोकाला अंकुर आणि आत पिठूळ गाभा. गाभ्यात मुख्यतः पिष्ट आणि थोडी प्रथिने असतात. तंतू, लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि ब गटातली बरीचशी जीवनसत्त्वे कोंड्यात आणि अंकुरात असतात. अंकुरात तेलही असते, आणि त्यामुळे कोंडा काढून पॉलिश केलेले धान्य महिनोन्‌महिने टिकते आणि कोंड्यासकट दळलेले पीठ लवकर कडवट होते. व्यापाराला टिकणारे धान्य सोयीचे असते हे समजण्यासारखे आहे. परंतु टिकाऊपणासाठी जे काढून टाकले जाते ते नेमके आपल्या मुलांच्या वाट्याचे असते.

ही गोष्ट जगाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली होती. जावा बेटावर क्रिस्टियान आयकमान या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पायातली ताकद जाऊन पडू लागल्या. त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा शिजलेला भात घातला जात होता. कोंड्यासकट तांदूळ पुन्हा सुरू केल्यावर त्या उठून चालू लागल्या. माणसांना होणारा बेरीबेरी हा रोग असाच पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्यांना होतो, हे त्यातून हळूहळू उलगडत गेले, १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवले आणि १९२९ मध्ये आयकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था जिच्यातून वाढली, ती १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली एका खोलीची चौकशी, तीसुद्धा बेरीबेरीचीच होती. भारतातील पोषणशास्त्राचा जन्मच मुळी दाण्यावरून काढून टाकलेल्या कोंड्याच्या शोधातून झाला आहे.

याच संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यातले काही आकडे तुमच्यासमोर ठेवते. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम आणि तंतू २.८ ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम आणि तंतू १० ग्रॅमच्या वर. बाजरीत लोह ६.४ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या जवळजवळ दहापट. आणि सातपुड्यात पिकणाऱ्या नागलीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम, जे तांदळात ८ मिलिग्रॅमसुद्धा नाही. शासनालाही तांदळातली ही उणीव ठाऊक आहे. २०२१ मध्ये पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली आणि लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात तांदळात मिसळून देण्यास सुरुवात झाली. मुलांना लोह मिळावे या हेतूला माझा विरोध असण्याचे काही कारण नाही. पण दादर ज्वारी आणि बाजरी ज्या मातीत पिकतात त्या गावातल्या मुलांना लोह फक्त बाहेरून मिसळलेल्या दाण्यातूनच मिळावे, याला माझे मन तयार होत नाही.

आता कळण्याविषयी लिहिते, कारण माझ्या मते खान्देशाने आहारशास्त्राला दिलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे. आमच्या घरी चार पायली ज्वारीला एक पायली अख्खे काळे उडीद घालून, त्यातच खडे मीठ आणि चिमूटभर मेथ्या टाकून दळण गिरणीत जायचे. काही घरांत उडीद याहून जास्त असतात, काही घरांत ज्वारीऐवजी बाजरी असते. पीठ करड्या रंगाचे येते, त्यात उडदाच्या सालीचे काळे ठिपके दिसतात आणि उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना ती कडेला चिरत नाही. तव्यावर पाणी फिरवून उलटली आणि मग निखाऱ्याला लावली की ती अशी टम्म फुगते की घरभर खमंग वास सुटतो. सोबत ओल्या लाल मिरचीचा ठेचा, त्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार, हिवाळ्यात हिरव्या वांग्याचे भरीत, पावसाळ्यात अंबाडीची भाजी आणि हाताने फोडलेला कांदा. आमची आजी हिला 'कयन्यानी भाकर' म्हणायची आणि ती खाऊन गडी माणूस दिवसभर निंदणी-वखरणी करायचा.

या दळणात जे घडते ते असे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि उडदासारख्या कडधान्यात तो भरपूर असतो. उलट कडधान्यात मिथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि शरीराला बांधणीसाठी पुरेशी प्रथिने मिळतात. आमच्या आजीला लायसिन हा शब्द माहीत नव्हता. पण ज्वारीत उडीद नसले तर दळण अपुरे राहते, हे तिला पक्के ठाऊक होते.

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे, कारण भरड धान्यांच्या कौतुकात ती हल्ली कोणी सांगत नाही. नुसती ज्वारी माणसाला पुरत नाही. दख्खनच्या पठारावर, जिथे गरीब मजूर जवळजवळ केवळ ज्वारीच्या भाकरीवर आणि मिरचीवर जगत होते, तिथे पेलाग्रा नावाचा रोग दिसत असे: उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातांवर काळे चट्टे, जुलाब, पुढे मन भ्रमिष्ट होणे. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या ल्युसीनच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवले. त्याचा अर्थ ज्वारी वाईट असा नाही. भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक, शेंगदाणे, जमेल त्याला अंडे किंवा मासळी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे शाळेच्या ताटात नुसता तांदूळ काढून नुसती ज्वारी वाढली, तर माझे मागणे पूर्ण झाले असे मी समजणार नाही.

लोहाचेही तसेच आहे. धान्यातले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही, कारण कोंड्यातली फायटेट द्रव्ये ते धरून ठेवतात. आपल्या जुन्या स्वयंपाकात यावरही उपाय आहेत. मठ-मूग भिजवून मोड आणणे, ज्वारीचे पीठ ताकात आंबवून अंबील करणे, जेवताना भाजीवर लिंबू पिळणे, या सगळ्यांनी लोहाचे शोषण वाढते. आणि जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने ते घटते. सकाळी चहात टोस्ट बुडवून शाळेत आलेल्या मुलाने दुपारी कितीही चांगले जेवण केले तरी त्याची सकाळ वायाच गेलेली असते. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देऊन आल्यावर त्यांनी माझ्यासमोरच चहाबरोबर त्या गिळलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा मी चहाचा कप बाजूला सरकवून लिंबूपाणी मागत असे आणि घरातल्यांना ते विचित्र वाटत असे.

मग हे सगळे आपल्या ताटातून गेले कसे? खान्देशात कापूस आणि मका वाढला, ज्वारीचा पेरा आटत गेला, बैलजोड्या कमी झाल्या तशी कडब्याची गरज कमी झाली आणि पाखरे राखायला माणूस मिळेना. रब्बीची दादर काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, तिची भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड लागते, पण आज बाजारात ती गव्हापेक्षा महाग विकली जाते आणि मजुराच्या घरात पोहोचत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळाल्याने उपासमार थांबली, हे उपकार विसरता येणार नाहीत. तरीही अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचाही उल्लेख आहे आणि त्याचा दर सर्वांत कमी, किलोला एक रुपया, असा ठेवलेला होता. कायद्याने तेव्हाच जागा करून ठेवली होती.

परंतु एक कारण पैशाचे नाही आणि ते मला जास्त बोचते. एकदा शाळेत आरोग्य तपासणीला गेले असता सहावीतली एक मुलगी डब्याचे झाकण उभे धरून त्याच्या आडून जेवत होती. मी जवळ गेले तर डब्यात कळण्याची भाकरी आणि पोकळ्याची भाजी. शेजारच्या मुलींच्या डब्यांत पाव आणि जॅम होता. भाकरीला नाव ठेवले जाईल म्हणून ती झाकून खात होती. पांढरी पोळी पाहुण्याची आणि करडी भाकरी गरिबाची, हा समज आपण मोठ्या माणसांनीच मुलांच्या मनात भरला आहे. शाळेच्या ताटात सर्वांना एकाच वेळी तोच पदार्थ मिळाला, गुरुजींनी आणि बाईंनी तो मुलांबरोबर बसून खाल्ला, तर ही लाज जाण्यासाठी वेगळे भाषण करावे लागणार नाही. शाळाच निवडण्यामागे माझा हाच विचार आहे.

आता अडचणींकडे येते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. तांदूळ वरून येतो आणि तो नाकारण्याचा अधिकार समितीला नाही. शंभर मुलांसाठी दीडशे भाकऱ्या थापा, असे स्वयंपाकी ताईंना सांगणे हा तर अन्याय होईल. तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या राहणाऱ्या त्या बायांवर आणखी ओझे टाकावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. म्हणून भाकरीचा हट्ट न धरता भरड्याचा विचार करावा. कळण्याचेच धान्य जाडसर भरडून आणले, रात्री भिजत घातले, की सकाळी तांदळाबरोबर एकाच पातेल्यात त्याची खिचडी शिजते. त्यात सालाची मूगडाळ, चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला पडला की एका पातेल्यात धान्य, डाळ आणि भाजी तिन्ही येतात. ज्वारीच्या कण्या शिजवून ताक घातले तर उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेला त्यासारखा पदार्थ नाही. आणि फुनके! तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, त्यात कांद्याची पात घालून वाफवलेले फुनके मोठ्या चाळणीत एका वेळी शंभर होतात, तेल जवळजवळ लागत नाही आणि कढीबरोबर मुले ते मागून मागून खातात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या डाळीचे फुनके त्याच जिल्ह्यातल्या मुलांनी खायला नकोत का?

राज्याने २०२४ मध्ये शालेय आहारात मोड आलेल्या कडधान्यांना स्वतंत्र स्थान दिले, ते स्वागतार्ह आहे. मोड आणण्यासाठी लागते ते फक्त आदल्या दिवशीचे लक्ष, आणि इथेच माता सदस्यांनी आळीपाळीने जबाबदारी घ्यावी. धान्याचा जास्तीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न येईल. तिथी भोजनाची सोय योजनेतच आहे. वाढदिवस, वर्षश्राद्ध, लग्न यानिमित्ताने शाळेला केक, चॉकलेट किंवा बुंदी देणाऱ्या कुटुंबांनी त्याऐवजी दोन पायली ज्वारी आणि एक पायली उडीद द्यावेत. आमच्या भागातली शेतकरी कुटुंबे याला नाही म्हणणार नाहीत, विचारणारा कोणी हवा.

पालेभाजीसाठी तर पैसाही लागत नाही. हात धुण्याचे पाणी जिथे वाहून जाते तिथे शेवग्याची दोन झाडे लावली की वर्षभर पाला मिळतो. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, अंबाडी उगवते आणि कोणती भाजी खाण्याजोगी हे गावातल्या म्हाताऱ्यांना डोळे मिटून कळते. सातपुड्याच्या कुशीतल्या अक्कलकुवा, धडगावच्या शाळांना तर मी काय सांगावे; नागली आणि बर्टी ही भरड धान्ये अजून तिथल्या घरात आहेत. नंदुरबार जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि बाहेरची मंडळी तिथे पोषण शिकवायला येतात. त्यांनी आधी तिथल्या आजीबाईंकडून धान्य राखायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

पूरक आहाराच्या दिवसाविषयी माझे मत ठाम आहे. गोड बिस्किटात मैदा, साखर आणि तेल हेच मुख्य असते, पुड्यावर दुधाचे किंवा गव्हाचे चित्र काहीही असो. सावदा-रावेरहून केळीच्या रेल्वे वाघिणी भरून उत्तरेकडे जातात, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच जिल्ह्यातल्या शाळेत मुलाच्या हातात बिस्किट असते, हे मी पाहिले आहे. एक केळे, किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा, किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. गुळाच्या बाबतीतही हात आखडताच ठेवावा. गूळ हीसुद्धा साखरच आहे आणि 'नैसर्गिक' म्हणून तो वाटेल तितका चालतो, हा गैरसमज मी मधुमेहाच्या पुष्कळ रुग्णांकडून ऐकला आहे.

शाळेच्या फाटकाबाहेरच्या पाच रुपयांच्या पुड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम बहुतेक समित्यांना माहीतच नाही. परंतु ती टपरी अनेकदा एखाद्या एकट्या बाईची असते आणि तिच्यावर नोटीस बजावून काही साधणार नाही. समितीने तिच्याशी बसून बोलावे. उकडलेल्या शेंगा, भाजलेले हरभरे, बोरे, पेरू, हंगामात हुरडा यांची विक्री तिने करावी आणि पालकांनी मुलांना त्यासाठीच पैसे द्यावेत. पालकांनी घरातून पुड्याचे पैसे देणे थांबवले नाही, तर ५० मीटरचा नियम ५१ व्या मीटरवर मोडतो.

एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजते. चांगला आहार हा आरोग्याचा पाया आहे, पण तो औषधाची जागा घेत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार आहे; त्या मुलाचे रक्त नागली खाऊन वाढेल, असे कोणी सांगितले तर ऐकू नका, त्याची रक्त तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार चालू ठेवा. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या बंद करू नका. ज्वारी सुरू केली म्हणून मधुमेहाची गोळी स्वतःच्या मनाने सोडलेल्या एका गृहस्थांच्या पायाची जखम मी महिनोन्‌महिने बांधली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या १७ मार्गदर्शक सूचनांमध्ये देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे अयोग्य आहाराशी जोडलेले आहे, असा अंदाज दिला आहे. निम्म्याहून अधिक भार ताटातून हलका होऊ शकतो, ही मोठी आशा आहे. उरलेल्यासाठी दवाखाना लागणारच आहे.

येत्या सभेत हा विषय घ्यावा, ठराव लिहून घ्यावा आणि दोन दिवस कोणते ते त्याच सभेत ठरवावे. सुरुवातीला मुले पातेल्यात उरवतील. तरी निदान दोन महिने पदार्थ बंद करू नये, कारण नव्या चवीची ओळख पटायला मुलांना दहा-बारा वेळा तरी तो पदार्थ समोर यावा लागतो. मुलांची उंची आणि वजन शाळेच्या नोंदवहीत दर तीन महिन्यांनी लिहावे. तापी-बोरीच्या पट्ट्यातील कोणत्याही शाळेने बोलावले तर मी स्वतः येईन आणि स्वयंपाकी ताईंबरोबर पहिला भरडा शिजवून देईन.

दळण गिरणीत पाठवताना एवढे सांभाळा: उडीद अख्खे आणि सालासकट घ्या, ते धुऊन कडक उन्हात एक दिवस वाळवा, खडे मीठ दळणातच टाका, आणि गव्हाच्या दळणामागे न दळता ज्वारीच्या दळणामागे दळून द्यायला गिरणीवाल्या भाऊंना आधीच सांगून ठेवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका